जिभेची साक्ष आणि बोटांचा काटा

एरवी आठवड्याच्या अंकात या सदराच्या वाट्याला जेमतेम दीड रकाना येतो. सांगायला सुरुवात करावी, तोच जागा संपते. दिवाळी अंकात मात्र संपादकमहाशय हात सैल सोडतात, म्हणून वर्षभर राखून ठेवलेली एक हकिकत आज फुरसतीने सांगतो. हकिकत भाकरीची आहे. दिवाळीच्या फराळात भाकर कुठून आली, असे कुणी म्हणेल. पण लाडू-करंज्यांनी तोंडाला मिठी बसली, की चौथ्या दिवशी आम्हा वऱ्हाडी माणसांना भाकर आणि ठेचाच आठवतो, हे आमच्याकडची मंडळी कबूल करतील.

मी राहतो अमरावतीला. माझे मामा अकोला जिल्ह्यात, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका खेड्यात. गेल्या दिवाळीत भाऊबीज आटोपून आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो. एके काळी त्या बाजूला खरिपात जिकडेतिकडे कापूस आणि ज्वारी दिसायची. आता ज्वारीची जागा बहुतेक सोयाबीनने घेतली आहे. मामा मात्र घरापुरती गावरान ज्वारी अजून पेरतात. शेजारी थोडी हायब्रीड पेरतो. जेवायला बसल्यावर विषय निघाला आणि मामांनी ताटावरूनच जाहीर केले :

"बापू, गावरान कोणती अन् हायब्रीड कोणती, माहे डोये बांध अन् इचार. एकबी चुकलो त मिशा उतरवतो!"

मामांच्या मिशा पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. त्यामुळे पैज गंभीर होती.

शेजाऱ्याकडून पायलीभर ज्वारी आणली. दोन्ही दळून झाल्या. मामींनी दोन भाकरी थापल्या आणि मामांपुढे ठेवल्या. मामांनी एकेक घास घेतला, डोळे मिटून मान डोलावली आणि बरोबर ओळखले. घरभर कौतुक झाले. एवढ्यात चुलीपाशी बसलेल्या मामी शांतपणे म्हणाल्या, "अवो, एक पांढरी हाय अन् एक पिवयसर. घास घ्याच्या आधीच पाह्यलं न तुमी. जिभेनं चाखलं का डोयानं?"

सारे हसले. मामा काही हसले नाहीत. पण मामींनी विचारलेला प्रश्न फार मोलाचा होता. पुढची सगळी कथा त्याच प्रश्नाची आहे. मला समजते, असे माणूस म्हणतो तेव्हा ते त्याला खरोखर समजते, की डोळा सांगतो, की कुणाचा चेहरा सांगतो, की नुसते नशीब सांगते? आणि हे ओळखावे कसे?

हाच प्रश्न शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात एका चहाच्या टेबलावर निघाला होता. तिथे रॉथॅमस्टेड नावाचे शेतीसंशोधनाचे जुने केंद्र आहे. १९१९ साली रोनाल्ड फिशर नावाचे तरुण गणिती तिथे नोकरीला लागले. एका दुपारी त्यांनी म्यूरिएल ब्रिस्टल या शेवाळाच्या अभ्यासक बाईंपुढे चहाचा कप धरला. बाई म्हणाल्या, "मला नको. यात चहावर दूध ओतले आहे. मला आधी दूध आणि मग चहा, असा लागतो." फिशर म्हणाले, "काहीतरीच! चवीत काय फरक पडणार?" बाई म्हणाल्या, "मला कळतो." तेव्हा जवळच उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी सुचवले, मग परीक्षाच घ्या की!

गंमतीची गोष्ट तिथेच संपायची. पण फिशर पडले गणिती. त्यांनी विचार केला, की एकच कप दिला तर न कळणारा माणूससुद्धा निम्म्या वेळा बरोबर सांगेल. दोन दिले तरी तेच. मग किती कप द्यावेत, म्हणजे नशिबाला तोंड काढायला जागा राहणार नाही? १९३५ साली प्रयोगांच्या आखणीवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला, त्यात या चहाला एक प्रकरणच दिले आहे. कप ८ घ्यायचे. ४ दूध-आधीचे, ४ चहा-आधीचे. ते कोणत्या क्रमाने द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आपल्या मनाने नव्हे. बाईंनी दूध-आधीचे ४ निवडून काढायचे.

आता हिशेब पाहा. आठांतून चार निवडण्याचे एकंदर ७० प्रकार होतात. त्यांतला अगदी बरोबर एकच. म्हणजे काहीही न कळणारा माणूस डोळे झाकून निवडू लागला, तर सत्तर वेळांत एकदा त्याचे सगळे बरोबर येईल. एवढी दुर्मिळ गोष्ट आपल्यासमोर घडली, तर नशिबापेक्षा बाईंच्या जिभेला श्रेय देणे शहाणपणाचे. पण चारांतला एक जरी चुकला, तर? तीन बरोबर आणि एक चूक, असे निवडण्याचे १६ प्रकार आहेत. त्यात सगळे बरोबर असण्याचा एक मिळवला की १७. सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चारात एकदा. तेवढे नशीब तर पत्त्यांत कुणालाही लाभते. तेव्हा एक चूक झाली की या परीक्षेत दावा सिद्ध होत नाही. बाईंचे पुढे काय झाले हे फिशरांनी ग्रंथात सांगितलेले नाही. मागाहून सांगितलेल्या आठवणींत मात्र त्यांनी सगळे कप ओळखले, असे येते.

हे रॉथॅमस्टेड आपल्याला वाटते तितके परके नाही. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शेतीखात्यातले आर. जे. कळमकर यांनी १९३२ च्या सुमारास तिथेच राहून शेतांवरील प्रयोगांत चूक किती आणि नमुना कसा घ्यावा, यावर संशोधन केले. पुढे वि. गो. पानसे यांच्याबरोबर त्यांनी १९४४ साली पिकांच्या अंदाजाविषयी लिहिले, आणि त्याच काळात वऱ्हाडातल्या कापसाच्या शेतांतून चिठ्ठ्या टाकून तुकडे निवडून उत्पन्नाचा अंदाज करण्याची रीत चालू झाली. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे या दोघांनी शेतीतल्या कामासाठी संख्याशास्त्राचे जे पुस्तक लिहिले, ते १९५४ साली निघाले. शेतीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. तेव्हा चहाच्या टेबलावरचा तो हिशेब आमच्या काळ्या मातीत कधीच उतरला आहे. भाकरीपर्यंत तेवढा यायचा राहिला होता.

तो आणावा, असे मी मनाशी ठरवले. मामांना म्हटले, मिशांची पैज कायम, पण परीक्षा माझ्या पद्धतीने. ते म्हणाले, "घे बावा, कशीबी घे."

पद्धत मी तिकोनी परीक्षेची घेतली. १९४० नंतरच्या काही वर्षांत कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग बिअर-कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी ही रीत बसवली. पुढे ती जगभर पसरली. रीत अशी : चाखणाऱ्यापुढे तीन तुकडे ठेवायचे. दोन एका जातीचे, एक दुसरीचा. त्याला एवढेच विचारायचे, की यातला वेगळा कोणता? चांगला कोणता, गावरान कोणता, हे मुळीच विचारायचे नाही. 'गावरान' म्हटले, की माणसाच्या मनात आजीचे घर, शेणाने सारवलेली जमीन आणि बालपण जागे होते, आणि जीभ बिचारी मुकाट्याने मनाच्या मागे जाते. 'वेगळा कोणता' या प्रश्नाला असा मोह नाही. काहीच न कळणारा तीनांत एकदा बरोबर येणार, हे मात्र धरून चालायचे.

तयारीला आमच्या सौ. आणि मामेभावाची बायको लागल्या. त्यात मी समजत होतो त्याहून पुष्कळ खाचाखोचा निघाल्या. गिरणीत आधीच्या दळणाचे पीठ उरते, म्हणून दोन्ही जातींच्या दळणातले पहिले शेर-अच्छेर पीठ बाजूला काढावे लागले. पीठ एकाच दिवशीचे, पाणी एकाच हंड्यातले, तवा तोच. एकच भाकर जाड झाली तर जीभ जाडीच ओळखेल. कडेचा तुकडा कडक आणि मधला मऊ, म्हणून सगळे तुकडे मधलेच. गरम-गार असा भेद नको. मामांच्या डोळ्यांवर उपरणे. ठेच्याला संपूर्ण बंदी, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये पाण्याची चूळ. जीभ थकते, म्हणून एका संध्याकाळी चारच फेऱ्या, अशा तीन संध्याकाळी मिळून १२.

तुकड्यांचा क्रम ठरवायला दिवाळीचे पत्ते कामी आले. तीन जागी तुकडे मांडण्याचे सहा प्रकार होतात. बदामाचे एक्क्यापासून छक्क्यापर्यंत सहा पत्ते घेतले. सुनबाई स्वयंपाकघरात एक पत्ता काढी, त्याप्रमाणे ताटली लावी, आणि पत्ता परत घालून पिशी. ताटली बाहेर आणायचे काम माझे. आत काय आहे हे मलाही ठाऊक नसे. ठाऊक असते, तर मामांचा हात वेगळ्या तुकड्याकडे जाताना माझा श्वास अडकला असता, आणि मामा डोळे बांधूनही तो ऐकणारे आहेत.

पत्त्यांची ही युक्ती माझी नव्हे. १८८४ च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोरच्या विद्यापीठात चार्ल्स पर्स आणि त्यांचे विद्यार्थी जोसेफ जॅस्ट्रो यांनी वजनांतला अगदी बारीक फरक हाताला कळतो का, याचे प्रयोग केले, तेव्हा क्रम ठरवायला पत्तेच पिसले होते. त्यांना आढळलेली गोष्ट फार मजेची आहे. 'मला काहीच फरक कळत नाही, मी नुसता अंदाज सांगतो,' असे माणूस म्हणतो, तेव्हाही त्याचे अंदाज निम्म्याहून बरेच अधिक वेळा बरोबर येतात. म्हणजे जिथे मनाला कळत नाही, तिथे हाताला थोडे थोडे कळत असते. म्हणून या परीक्षेत 'सांगता येत नाही' हे उत्तर चालत नाही. काहीतरी सांगायलाच हवे.

तीन संध्याकाळी झाल्या. अंगणात शेजारपाजारची मंडळी जमू लागली होती. मामांचे १२ पैकी ६ बरोबर आले.

"निम्मे बरोबर!" मामांनी मिशीवर हात फिरवला. पण हिशेब काय सांगतो? काहीही न कळणाऱ्या माणसाचे १२ पैकी सरासरी ४ बरोबर येणारच. सहा किंवा त्याहून जास्त येणे, हे शंभरात जवळजवळ १८ वेळा निव्वळ नशिबाने घडते. शास्त्रज्ञांत असा रिवाज आहे, की विसात एकदाहूनही कमी घडणारी गोष्ट झाली तरच दावा ग्राह्य धरायचा. १२ फेऱ्यांत त्याला निदान ८ बरोबर लागतात. मामा दोनाने हुकले.

आता मामींची पाळी. त्या नको नको म्हणत होत्या. सर्वांनी बसवले. सौ.ने भाकरी केल्या, मामींच्या डोळ्यांवर पदर बांधला. त्यांचेही असेच तीन दिवस झाले. १२ पैकी ९ बरोबर! असे नशिबाने व्हायचे, तर अडीचशे वेळांत एखादे वेळी. मी विचारले, "मामी, चवीत नेमके काय कळते तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "चवीचं मले काय मालूम? तुकडा तोडला का बोटाले समजते. गावरानचा लवचीक तुटते, दुसऱ्याचा भुरभुर होते." चाळीस-पन्नास वर्षे परातीत उंडा मळणाऱ्या त्या बोटांनी जिभेच्या परीक्षेत पहिला नंबर काढला होता. माझ्या आखणीतला दोषही त्यांनी दाखवला : तुकडे मी तोंडात भरवायला हवे होते. तरी परीक्षेने विचारले होते 'वेगळा कोणता', आणि वेगळा तुकडा त्यांना कळला होता, यात शंका उरली नाही.

मामांच्या मिशांचा प्रश्न आला. मी त्या वाचवल्या, आणि दयेने नव्हे, हिशेबाने वाचवल्या. समजा, मामांना खरोखरच दर तीन फेऱ्यांत एकदा फरक स्पष्ट कळतो आणि उरलेल्या दोन वेळा ते अंदाज करतात. तरीसुद्धा १२ फेऱ्यांच्या परीक्षेत ते तीनात दोनदा नापासच होतील. परीक्षा लहान असली, की खरा जाणकारही तीत पडतो. म्हणजे मामांचा दावा सिद्ध झाला नाही, एवढेच म्हणता येते. मामांना काही कळत नाही, हे सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही. ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात, आणि त्यांची गल्लत करून किती मोठमोठी माणसे फसतात!

त्याचे उदाहरण ज्वारीतच आहे. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही ज्वारीची पहिली संकरित जात शेतकऱ्यांना मिळाली. पीक लवकर येई, दाणा भरपूर येई. टंचाईचे दिवस होते, आणि त्या दाण्याने पुष्कळांची पोटे भरली, हे विसरू नये. पण लवकर येणारे कणीस पावसात सापडे, दाण्यावर बुरशी येऊन तो काळा पडे, आणि बाजारात त्याला भाव कमी मिळे. आणि घरोघरी बाया सांगत होत्या, की हिची भाकर गावरानसारखी होत नाही. त्यावर सभ्य उत्तर असे असायचे, की सवयीचा प्रश्न आहे, होईल हळूहळू. बायांच्या बोलण्यात सवय किती, आठवण किती आणि खरा फरक किती, हे वेगळे काढण्याची रीत त्या वेळी उपलब्ध होती. तीन तुकडे, उपरणे आणि पत्त्यांचा जोड यापलीकडे तिला काही लागत नाही. पुढे शास्त्रज्ञांनीही हे मनावर घेतले. ज्वारीच्या नव्या जाती तपासताना भाकरीचा रंग, पोत, चव आणि टिकणे, यांच्या परीक्षा होऊ लागल्या. भारतीय मानक संस्थेने १९७१ साली अन्नाच्या अशा परीक्षांसाठी मार्गदर्शिकाही काढली. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि त्याला अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख यांचे नाव मिळाले. ज्वारी आणि कापूस ही दोन्ही पिके तिथल्या संशोधनात आहेत.

येथवर हकिकत हसण्यावारी गेली. पण शेवटच्या रात्री अंगणात बसलो असता मामा एकाएकी म्हणाले, "जिभेचं जाऊ दे. कापूस आन. कापसात माही बोटं चुकत नाईत." आणि मला एकदम माझे वडील आठवले.

मी सात-आठ वर्षांचा असेन. दिवाळीच्या तोंडावर वडिलांनी वेचणीचा कापूस विकायला काढला. घरातल्या एकाच गंजीतून दोन बैलगाड्या भरल्या. एक वडिलांनी हाकली, एक मामांनी. बाजाराचे नाव कशाला सांगू? दोन्ही गाड्या एकाच सकाळी, वेगवेगळ्या रांगांत लागल्या. प्रत पाहणाऱ्याने मूठभर कापूस उपसला, चिमटीत धरून ओढला, उजेडात धरला आणि बोलून मोकळा झाला. मामांच्या गाडीला वरची प्रत मिळाली, वडिलांच्या गाडीला खालची. एकाच गंजीतला, एकाच वेचणीचा कापूस! मामा भांडायला निघाले, तो माणूस चोर आहे म्हणाले. वडिलांनी त्यांना आवरले. "चोर नसंन," ते म्हणाले, "त्याले समजलं नसंन." त्या दोन प्रतींच्या भावात जे अंतर होते, त्यात आम्हा भावंडांचे दिवाळीचे कपडे होते. त्या वर्षी ते झाले नाहीत. वडील आज नाहीत. पण चोर की अजाण, हा त्या दोघांचा वाद आमच्या घरात कधी मिटला नाही.

वऱ्हाडात कापसाच्या बाजाराची कथा मोठी जुनी आहे. कारंज्याला १८८६ साली कापसाचा नियमित बाजार सुरू झाला. देशातला तो पहिला मानतात. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजाराचा खास कायदा झाला. ठरल्या जागीच खरेदी-विक्री व्हावी, माप खरे असावे, अडत्या आणि मापारी परवान्याचे असावेत, हा त्यामागचा हेतू. वजनाचा प्रश्न असा पुष्कळ सुटला. काट्याला सरकारी शिक्का आला, ठरावीक मुदतीने तो तपासला जाऊ लागला. प्रतीचा प्रश्न मात्र बोटांवर राहिला. रुईसाठी पुढे यंत्रे आली. १९२४ साली मुंबईला माटुंग्यात कापसाची प्रयोगशाळा निघाली, धाग्याची लांबी, जाडी, ताकद मोजता येऊ लागली. गिरणीवाला आता गाठीचा नमुना यंत्रात घालून विकत घेतो. पण बाजाराच्या आवारात गाडीतला सरकीसह कापूस अजूनही बहुतेक डोळ्यांनी आणि बोटांनीच जोखला जातो. हर्रासात बोली लागते ती मुठीतल्या चिमटीवर.

ही बोटे अगदीच निकामी आहेत, असे मात्र कुणी समजू नये. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ साली दाखवले, की हाताने उचललेल्या दोन वजनांत सुमारे चाळिसाव्या हिश्शाचा फरक असला, तरी तो कळू शकतो. चाळीस तोळ्यांत एक तोळा, ऐंशीत दोन. घरातल्या वाटीभर आमटीत चिमूटभर मीठ जास्त झालेले कळते आणि लग्नाच्या हंड्यात मूठभर कळत नाही, त्यातले रहस्य हेच. पुढे गुस्टाव्ह फेख्नर यांनी १८६० साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यासाठी त्यांनी स्वतः चोवीस हजारांहून अधिक वेळा वजने उचलून पाहिली होती! त्यातून दिसले ते असे, की कळणे आणि न कळणे यांच्यामध्ये एखादी भिंत नाही. तोच बारीक फरक एकदा कळतो, एकदा निसटतो. थकवा, घाई, आधी काय हाताळले, यांवर पुष्कळ अवलंबून असते. प्रतीच्या सीमेवरचा कापूस सकाळी वर जातो आणि दुपारी खाली येतो, तो माणूस प्रामाणिक असूनही.

म्हणूनच वडील आणि मामा यांचा वाद तोंडाने सुटणारा नव्हता. तो सुटतो परीक्षेने. प्रत पाहणाऱ्याला त्याच ढिगातला कापूस न सांगता दोनदा, तीनदा दाखवावा. मग त्याचे त्याच्याशीच किती जुळते ते मोजावे. त्यातही एक सावधगिरी हवी. १९६० साली जेकब कोहेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवले, की नुसते जुळणे पाहून भागत नाही, नशिबाने जुळणारे वजा करावे लागते. समजा, एखादा माणूस कापसाकडे न पाहताच दहातल्या आठांना 'मध्यम' आणि दोनांना 'हलका' म्हणत सुटला. तरी त्याचे पहिले आणि दुसरे मत शंभरात ६८ वेळा जुळेल! तेव्हा 'सत्तर टक्के मते जुळली' हे ऐकून आनंदी होऊ नये. अडुसष्ट तर आंधळ्याचेही जुळतात. आणि हा माणूस शेतकरी पाहून प्रत ठरवतो अशी शंका असेल, तर त्यालाही हीच परीक्षा पुरते. मालक कोण हे झाकून तोच कापूस पुढे ठेवावा. झाकल्यावर निकाल बदलला, तर मामा खरे. झाकूनही तसाच डळमळला, तर वडील खरे.

दुसऱ्या दिवशी मामांची कापसाची परीक्षा घेतली. दोन शेतांतला कापूस, एकाचा धागा दुसऱ्याहून किंचित आखूड. सरकी काढून टाकली, कारण सरकीवरून जात कळते. तीन तीन पुंजके, डोळ्यांवर उपरणे, पत्ते तेच. मामा पुंजका दोन चिमटींत धरून ओढीत, मोडीत, पुन्हा ओढीत. भाकरीच्या वेळची घाई आता नव्हती. १२ पैकी १० बरोबर आले. काहीही न कळणाऱ्याच्या हातून असे अठराशे वेळांत एकदा घडते. अंगणात टाळ्या पडल्या. मामांनी उपरणे सोडले, मिशीला हात मात्र लावला नाही. हातातल्या पुंजक्याकडे पाहत म्हणाले, "दोनदा चुकलोच न पण. चाळीस वर्षं झाली, मी त्या मानसाले चोर म्हनतो. असंनबी. पन तुह्या बापाचंबी खरं असंन."

मला ते ऐकून बरे वाटले, आणि रागही आला. माणूस अजाण असणे हा गुन्हा नाही. पण त्याच्या अजाणपणाची किंमत गाडीवाल्याने का द्यावी? काट्यावर दगड ठेवून तो तपासतात, त्याला शिक्का मारतात, आणि खोटा निघाला तर जप्त करतात. मग ज्या बोटांवर भाव ठरतो, ती बोटे कुणी, कधी तपासावीत? वर्षातून एकदा दिवाळीपूर्वी, हंगाम सुरू होताना, बाजारातल्या प्रत पाहणाऱ्यांपुढे तीन तीन पुंजके ठेवायला काय खर्च येतो? चांगल्या जाणकाराला त्यात मानच मिळेल. मामांना मिळाला तसा.

वाचकहो, तुम्हालाही घरी करून पाहता येईल. या दिवाळीत 'आमच्या घरच्या तुपाचा लाडू मी डोळे झाकून ओळखतो' म्हणणारे कुणी ना कुणी तुमच्या पंगतीत असेलच. त्याच्याशी वाद घालू नका. तीन तुकडे, एक उपरणे आणि पत्त्यांची गड्डी काढा. आठ बरोबर येईपर्यंत टाळी नाही, आणि आठ आले नाहीत तरी हसणे नाही. फक्त पैज मिशांची लावू नका. आणि पहिल्यांदा घरातल्या बाईला बसवा, म्हणजे पुढचा पुष्कळसा वाद आपोआप मिटेल.